प्रकाशाचा डॉक्टर : नील्स फिन्सेन

थंडीच्या दिवसांत, ताप येऊन गेल्यावर किंवा परीक्षेच्या धावपळीत कधी कधी ओठाच्या कडेला बारीक फोड येतात. आधी ती जागा चुणचुणते. मग पाण्याने भरलेले फोड उठतात. ते फुटतात आणि त्यांवर खपली धरते. अंगातला ताप बाहेर पडला, असे घरातील मोठी माणसे म्हणतात. तुमच्यापैकी काहींनी हा त्रास नक्कीच सोसला असेल.

अलीकडे या फोडांसाठी घरच्या घरी वापरायचे लाल प्रकाशाचे छोटे दिवे बाजारात मिळू लागले आहेत. दिवा रोज काही मिनिटे ओठाजवळ धरावा, फोड लवकर बरे होतील, असे जाहिरातीत सांगितलेले असते. हे खरे असेल का? प्रकाशाने रोग बरा होऊ शकतो का? मुलांनो, हा प्रश्न नवा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका आजारी डॉक्टरने हाच प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर शोधण्यात आपले लहानसे आयुष्य खर्च केले. त्यांचे नाव नील्स रायबर्ग फिन्सेन. आज आपण त्यांची ओळख करून घेऊ.

युरोपच्या उत्तरेला, अटलांटिक महासागरात फेरो नावाची लहान लहान बेटे आहेत. ती डेन्मार्कच्या राज्यात मोडतात. तिथे आकाश बहुतेक वेळ ढगांनी भरलेले असते. हिवाळ्यात दिवस अगदी लहान असतो. सूर्य थोडा वेळ दिसतो आणि लगेच मावळतो. या बेटांवरील टोर्सहाव्हन या गावी 15 डिसेंबर 1860 रोजी फिन्सेन यांचा जन्म झाला. त्यांचे घराणे मूळचे आइसलँडचे. वडील सरकारी अधिकारी होते. नील्स चार वर्षांचे असतानाच त्यांची आई वारली.

शाळेत नील्स हुशार मुलांत गणले जात नव्हते. शिक्षणासाठी त्यांना डेन्मार्कमधील एका शाळेत पाठवले. तिथे त्यांची प्रगती इतकी कमी होती, की शिक्षकांना त्यांच्याकडून फारशी आशा उरली नाही. मग वडिलांनी त्यांना आइसलँडमधील रेकजाविक येथील शाळेत घातले. तिथे ते हळूहळू सावरले. 1882 मध्ये ते शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाले, पण पहिल्या काही मुलांतही त्यांचा क्रमांक लागला नाही. मुलांनो, वर्गातील क्रमांक म्हणजे माणसाच्या बुद्धीचे शेवटचे माप नव्हे, हे लक्षात ठेवा.

त्याच वर्षी नील्स वैद्यकीय शिक्षणासाठी कोपनहेगनला गेले. कोपनहेगन ही डेन्मार्कची राजधानी. तिथे त्यांच्यावर मोठे संकट आले. वयाच्या तेविसाव्या वर्षीच त्यांना एक विचित्र आजार जडला. यकृत, हृदय आणि प्लीहा यांच्यावरील पातळ आवरणे हळूहळू जाड होऊ लागली. त्यामुळे त्या अवयवांचे काम नीट चालेना. पोटात पाणी साचे. ते वारंवार सुईने काढावे लागे. थोडे चालले तरी थकवा येई. या आजारावर त्या काळी औषध नव्हते. तशाच अवस्थेत नील्स अभ्यास करीत राहिले आणि 1890 मध्ये डॉक्टर झाले. त्यानंतर ते विद्यापीठात शरीररचना शिकवू लागले.

फिन्सेन ज्या घरात राहत होते, त्याची खोली उत्तरेकडे होती. तिथे ऊन येत नसे. खोलीत बसले, की त्यांना अधिकच अशक्त वाटे. उन्हात थोडा वेळ गेला, की हुशारी येई. आपल्याला असे का वाटते, याचा ते विचार करू लागले. ते मग प्राणी आणि कीटक प्रकाशात कसे वागतात, हे पाहू लागले. एका मांजराची गोष्ट त्यांच्याबद्दल सांगतात. मांजर उन्हात पडले होते. सावली सरकत त्याच्या अंगावर आली, की ते उठून पुन्हा उन्हात जाऊन बसे. आपण अशा गोष्टी रोज पाहतो आणि विसरून जातो. फिन्सेन विसरले नाहीत. सूर्याच्या प्रकाशात जिवाला उपयोगी पडणारे काहीतरी आहे, असे त्यांना वाटू लागले.

पण नुसते वाटणे म्हणजे ज्ञान नव्हे. फिन्सेन यांनी पहिला प्रयोग स्वतःच्याच शरीरावर केला. त्यांनी आपल्या हातावर काळ्या शाईचा एक पट्टा काढला आणि तो हात सुमारे तीन तास कडक उन्हात धरला. मग शाई पुसली. शाईखालची कातडी पांढरी राहिली होती. तिच्या दोन्ही बाजूंची कातडी मात्र लाल होऊन सुजली. काही दिवसांनी ती लाली गेली आणि तिथली कातडी सावळी झाली. फिन्सेन यांनी तोच हात शाई न लावता पुन्हा उन्हात धरला. या वेळी उलटे घडले. सावळी झालेली कातडी जशीच्या तशी राहिली आणि मधला पांढरा पट्टा लाल झाला. ऊन कातडी भाजते आणि कातडीचा सावळा रंग तिचे उन्हापासून रक्षण करतो, हे या साध्या प्रयोगातून स्पष्ट दिसले. काळी शाई आणि स्वतःचा हात, एवढेच या प्रयोगाचे साहित्य होते.

तुम्ही विज्ञानाच्या तासाला लोलकातून सूर्यप्रकाश पाहिला असेल. पांढरा दिसणारा प्रकाश सात रंगांत फुटतो. एका टोकाला तांबडा रंग असतो आणि दुसऱ्या टोकाला जांभळा. जांभळ्याच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारे किरण असतात. त्यांना अतिनील किरण म्हणतात. उन्हाने कातडी भाजते ती मुख्यतः या अतिनील किरणांनी. तांबड्या किरणांनी तसे होत नाही. म्हणून प्रकाश औषध आहे का, एवढेच विचारून भागत नाही. कोणता प्रकाश, किती प्रकाश आणि कोणत्या रोगावर, असे विचारावे लागते. प्रकाशाचे असे भाग वेगळे करून त्यांचा रोगांवर काय परिणाम होतो, हे फिन्सेन पाहू लागले.

त्या काळी देवीचा रोग फार भयंकर होता. हिंदीत या रोगाला चेचक म्हणतात. देवी आलेली पुष्कळ माणसे दगावत. जी वाचत, त्यांच्या चेहऱ्यावर जन्मभर खोल वण राहत. काहींचे डोळे जात. देवीचे वण चेहऱ्यावर आणि हातांवर, म्हणजे जिथे ऊन लागते तिथे जास्त असतात, याकडे फिन्सेन यांचे लक्ष गेले. अतिनील किरणांमुळे फोड अधिक चिघळत असतील, असा त्यांनी तर्क केला. मग रुग्णाला पूर्ण अंधारात ठेवण्याऐवजी त्याच्या खोलीत फक्त तांबडा प्रकाश येऊ दिला तर?

पूर्वी फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लावत असत. साध्या प्रकाशाने फोटोचा कागद काळा पडतो, पण लाल प्रकाशाने तो खराब होत नाही. देवीच्या रुग्णालाही तसेच जपावे, अशी फिन्सेन यांची कल्पना होती. 1893 मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. खिडक्यांना जाड तांबडे पडदे लावावेत आणि दुसरा प्रकाश आत येऊ देऊ नये, असे त्यांनी सुचवले. त्याच वर्षी नॉर्वे देशातील बर्गन शहरात डॉक्टरांनी हा उपाय करून पाहिला. रुग्ण बरे झाले आणि त्यांना वण कमी पडले, असे त्या डॉक्टरांना वाटले. ही बातमी सगळीकडे पसरली. अनेक देशांतील रुग्णालयांत तांबड्या खोल्या तयार झाल्या.

मुलांनो, इथे थोडे थांबा. बर्गनचे रुग्ण बरे झाले, ते तांबड्या प्रकाशामुळेच झाले, असे म्हणता येईल का? देवीचे काही रुग्ण काहीही न करता बरे होत आणि काहींना वण कमीच पडत. मग श्रेय कोणाला द्यायचे? पुढे इतर डॉक्टरांनी नीट तपासून पाहिले. 1904 मध्ये लंडनच्या देवीच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी तांबड्या खोलीचा काही फायदा दिसला नाही, असे लिहिले. हळूहळू तांबडे पडदे उतरले. देवीचा रोग शेवटी हरला तो लसीमुळे. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये आढळला आणि 1980 मध्ये जगातून देवी नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. थोडक्यात, तांबड्या प्रकाशाबाबत फिन्सेन यांचा तर्क चुकला होता.

पण त्यांचा शोध तिथे थांबला नाही. त्यांनी आता उलट दिशेने विचार केला. अतिनील आणि निळे किरण कातडी भाजतात, तर ते रोगजंतूंनाही मारतील का? सूर्यप्रकाशात जंतू मरतात, हे इंग्लंडमधील दोन शास्त्रज्ञांनी 1877 मध्येच दाखवले होते. फिन्सेन यांनी कातडीचा क्षयरोग निवडला. हा रोग क्षयाच्या जंतूंमुळे होतो आणि बहुतेक वेळा चेहऱ्यावर येतो. तो नाक, गाल, ओठ हळूहळू कुरतडत जातो. अशा रुग्णांकडे पाहायला लोक घाबरत. त्यांना काम मिळत नसे. ते तोंड झाकून, लोकांपासून दूर राहत. डॉक्टर त्यांची कातडी खरवडत किंवा डागत, पण रोग पुन्हा उलटे.

प्रकाश कातडीच्या आत पोचवणे सोपे नव्हते. पहिली अडचण उष्णतेची होती. भिंगाने ऊन एका जागी गोळा केले, की कागद जळतो, हे तुम्हांला माहीत आहे. मग रुग्णाचा गाल भाजणार नाही का? फिन्सेन यांनी प्रकाशाच्या वाटेत पाणी ठेवले. पाण्याने उष्णता शोषली आणि थंड प्रकाश पुढे गेला. दुसरी अडचण रक्ताची होती. त्यांनी फोटोच्या कागदाचा एक तुकडा माणसाच्या कानाच्या मागे ठेवला आणि कानावर पुढून प्रकाश सोडला. पाच मिनिटे झाली तरी कागद काळा पडला नाही. मग त्यांनी कान काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून त्यातील रक्त बाजूला सारले. आता कागद वीस सेकंदांत काळा झाला! रक्तच हे किरण अडवते, हे समजले. म्हणून उपचार करताना कातडीवर स्फटिकाची चकती दाबून धरायची असे ठरले.

1895 च्या अखेरीस पहिल्या रुग्णावर उपचार सुरू झाले. तो एक इंजिनीअर होता. अनेक वर्षांपासून त्याच्या चेहऱ्यावर हा रोग होता आणि सगळे उपाय थकले होते. कोपनहेगनमध्ये ऊन भरवशाचे नसते, म्हणून शहराच्या वीजकेंद्रात कार्बनच्या कांड्यांचा प्रखर विजेचा दिवा वापरला. रोज बराच वेळ असा उपचार चाले. काही महिन्यांत त्याचा चेहरा सुधारला.

1896 मध्ये देणगीदारांच्या आणि सरकारच्या मदतीने कोपनहेगनमध्ये फिन्सेन यांची प्रकाशोपचार संस्था सुरू झाली. एका मोठ्या दिव्याला चार नळ्या असत. चार दिशांना चार रुग्ण झोपत. प्रत्येकाजवळ एक परिचारिका बसे आणि तासभर चकती दाबून धरी. एका वेळी कातडीचा अगदी लहान तुकडाच प्रकाशाखाली येई. म्हणून उपचार कित्येक महिने चालत. त्या परिचारिकांची नावे आज कोणाला आठवत नाहीत, पण त्यांच्या धीराशिवाय हे काम झाले नसते. पहिल्या पाच-सहा वर्षांत आठशेहून अधिक रुग्णांवर उपचार झाले आणि त्यांतील बहुसंख्य बरे झाले किंवा खूपच सुधारले. तोंड झाकून आलेली माणसे उघड्या चेहऱ्याने घरी जाऊ लागली. डेन्मार्कची राजकन्या अलेक्झांड्रा पुढे इंग्लंडची राणी झाली. तिच्या प्रयत्नाने 1900 मध्ये लंडनच्या रुग्णालयातही हा दिवा पोचला.

या सगळ्या काळात फिन्सेन स्वतः खंगत होते. शेवटची वर्षे ते चाकांच्या खुर्चीत होते. 1903 मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणारे ते पहिले डॅनिश नागरिक. ते घ्यायला स्टॉकहोमला जाण्याइतकीही शक्ती त्यांच्यात नव्हती. पारितोषिकाच्या रकमेतील मोठा भाग त्यांनी रुग्णसेवेसाठी देऊन टाकला. स्वतःच्या आजाराकडेही त्यांनी शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले. आपल्या शरीरात मीठ कसे साचते, याची त्यांनी मोजमापे ठेवली, कमी मिठाचा आहार घेतला आणि 1904 मध्ये त्यावर निबंध लिहिला. त्याच वर्षी 24 सप्टेंबर रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मृत्यूनंतर आपले शरीर तपासावे, म्हणजे या आजाराबद्दल डॉक्टरांना काही शिकता येईल, अशी त्यांची इच्छा होती.

पुढे क्षयरोगावर गुणकारी औषधे निघाली. 1940 नंतर स्ट्रेप्टोमायसीन आणि त्यामागून इतर औषधे आली. फिन्सेन यांचे दिवे संग्रहालयांत गेले. 2005 मध्ये डेन्मार्कच्याच संशोधकांनी ते जुने दिवे पुन्हा तपासले. तेव्हा एक गंमत कळली. जंतू मारणारे सर्वांत तीव्र अतिनील किरण त्या भिंगांतून बाहेरच येत नव्हते! जे किरण बाहेर येत, ते जंतूंमधील काही रंगद्रव्यांवर पडून जंतूंचा नाश करीत असावेत, असे त्यांना आढळले. म्हणजे उपाय खरा होता, पण त्याचे कारण फिन्सेन यांना वाटले त्याहून वेगळे होते.

आता आपण पुन्हा ओठावरच्या फोडांकडे येऊ. हे फोड अंगातील उष्णतेमुळे येत नाहीत. हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूमुळे ते येतात. हा विषाणू बहुधा लहानपणीच शरीरात शिरतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या मुळाशी लपून राहतो. ताप, थकवा, काळजी किंवा कडक ऊन यांमुळे तो पुन्हा जागा होतो. पाहा, उन्हातील अतिनील किरणांनी हे फोड वाढू शकतात. म्हणून फोड आले असता ओठ उन्हात धरणे किंवा अतिनील दिवा वापरणे चुकीचे ठरेल. प्रकाश वेगळा, तर परिणामही वेगळा, हे फिन्सेन यांनी आपल्याला शिकवले आहेच.

मग लाल दिव्याचे काय? 1967 मध्ये हंगेरीतील मेस्टर नावाच्या डॉक्टरने उंदरांवर सौम्य लाल लेसर किरण सोडले, तेव्हा त्यांचे केस लवकर वाढलेले दिसले. तेव्हापासून लाल आणि त्याच्या अलीकडच्या अदृश्य अवरक्त किरणांवर अभ्यास चालू आहे. ओठांच्या फोडांवरही काही लहान प्रयोग झाले आहेत. काहींत फोड थोडे लवकर भरले. पण मोठा, पक्का पुरावा अजून मिळालेला नाही. आणि विषाणूला शरीरातून कायमचे घालवील असा कोणताही दिवा नाही.

शिवाय बर्गनची गोष्ट विसरू नका. ओठावरचे फोड साधारण आठ-दहा दिवसांत आपोआपच बरे होतात. तुम्ही दिवा लावा, हळद लावा किंवा काहीच लावू नका. दहाव्या दिवशी शेवटी जे लावले असेल, त्यालाच श्रेय मिळते. खरे काय, हे कळण्यासाठी काही रुग्णांना खरा दिवा आणि काहींना तसाच दिसणारा पण निकामी दिवा द्यावा लागतो आणि मग दोन्हींचे दिवस मोजावे लागतात. दिवा विकणाऱ्याला हाच प्रश्न विचारावा. त्याने हिशेब दाखवला नाही, तर आपले पैसे जपावेत.

तोपर्यंत साध्या गोष्टी कराव्यात. फोडांना हात लावू नये. लागलाच, तर साबणाने धुवावा आणि तो हात डोळ्यांना लावू नये. आपला पेला, टॉवेल आणि चमचा वेगळा ठेवावा. घरातील तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नये. चुणचुण सुरू होताच डॉक्टरांना विचारून विषाणूवरचे मलम लावले, तर फोड थोडे लवकर बरे होऊ शकतात. डोळा लाल झाला, फोड पसरले किंवा दोन आठवड्यांतही भरले नाहीत, तर दवाखान्यात जावे.

फिन्सेन यांच्याकडे ना चांगले आरोग्य होते, ना पहिल्या क्रमांकाची गुणपत्रिका. त्यांच्याकडे एक प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर तपासून पाहण्याचा धीर होता. उन्हाळ्याच्या सुटीत तुम्ही उन्हात खेळून घरी याल, तेव्हा शर्टाची बाही वर करून आपला हात पाहा. जिथे ऊन लागले तिथला रंग आणि बाहीखालचा रंग वेगळा दिसेल. फिन्सेन यांनी आपल्या प्रयोगाची सुरुवात हातावरच्या अशाच फरकातून केली होती.